नाणं वाजवून घ्यायचा हक्क

आज इतिहासाची गोष्ट सांगायची आहे. पण ती राजाराण्यांची नाही, आपल्या हातातल्या रुपयाची आहे. आणि ती सुरू होते आमच्या एका मासिक सभेपासून.

दिवाळी नुकतीच झाली होती. सभेला आलेल्या एका आजींनी कमरेचा बटवा सोडला आणि चटईवर बारा रुपये मांडले. जुने, चांदीचे, दर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवायचे ते. सासूकडून आजींकडे आलेले. झालं असं होतं, की आदल्या आठवड्यात मोटरसायकलवरून एक माणूस गावात आला होता. जुनी नाणी घेतो म्हणाला. त्याच्याकडे पारदर्शक डबीत पक्कं बंद केलेलं एक नाणं होतं. डबीवर इंग्रजीत कंपनीचं नाव आणि ६३ हा आकडा. तो म्हणाला, "आजी, तुमचे रुपये असे सुटे दिले तर नुसत्या चांदीचा भाव. असा नंबर मिळाला तर लाख-लाख रुपये. एका नाण्यामागे दोन हजार फी द्या, नाणी माझ्याकडे द्या, मी परदेशातून सर्टिफिकेट आणून देतो."

गटात दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, "एवढी मोठी कंपनी खोटं कशाला सांगेल?" दुसऱ्या म्हणाल्या, "ज्याला नाणी घ्यायचीत तोच सर्टिफिकेट आणणार, मग त्या कागदाचा काय उपयोग?" मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई शिकलेली आहे, ताई सांगेल. मला काही सांगता येईना. बी.ए.ला माझा इतिहास होता खरा, पण हा प्रश्न परीक्षेत कधी आला नव्हता. म्हणून मी पुढच्या सभेपर्यंत मुदत मागितली आणि वाचायला बसले. वाचलं ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट अशी, की नाण्यावरच्या छापावर डोळे झाकून भरवसा ठेवायची रीत आपल्याकडे नव्हती. कल्याण-भिवंडीचा आपला भाग १६५७ साली शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. पुढे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. तेव्हा महाराजांच्या नावाची सोन्याची आणि तांब्याची नाणी पडली. सोन्याचा तो होन, तांब्याची ती शिवराई. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं. त्याच राज्याभिषेकाला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. तहासाठी तो मागण्यांची यादी घेऊन आला होता. त्यात एक मागणी अशी होती, की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. त्यावरचं उत्तर ऑक्झिंडननं लिहून ठेवलं आहे. त्याचा मतलब असा : आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची तिच्यावर सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं इतरांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल, तर ते चालेल.

बघा, राजा स्वतः नाणं पाडतो आणि तरी म्हणतो, की घेणाऱ्यानं कस आणि वजन बघावं. मला हे उत्तर फार आवडलं.

आता कस आणि वजन बघायचं कुणी? पूर्वी गावोगाव पोतदार असायचा. गावचा सोनारच बहुधा हे काम करायचा. आज पोतदार, पारख, सराफ ही आडनावं आपण ऐकतो, ती या कामावरून पडलेली. पोतदार नाणं दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत काहीतरी भलतं. सोनं असेल तर काळ्या कसोटीच्या दगडावर घासून रेघ ओढायची, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्ही रंग जुळतात का ते पाहायचं. कुणी नाण्याच्या कडेला छोटा छेद देऊन आत डोकावायचं. तपासून झालं, की काही सराफ त्यावर आपली बारीक खूण ठोकायचे. 'कसाला लागणे', 'पारखून घेणे', 'नाणं खणखणीत आहे' हे सगळं आपण रोज बोलतो, ते इथून आलेलं आहे.

ही पारख लागायची, कारण बाजारात नाणी भाराभर प्रकारची होती. पेशवाईत टांकसाळी पुष्कळदा सोनारांना किंवा सावकारांना परवाना देऊन चालवायला दिलेल्या असत. पुण्याकडचा अंकुशी रुपया वेगळा, नाशिककडच्या चांदवडचा चांदवडी रुपया वेगळा. राज्य पेशव्यांचं, पण रुपयावर नाव मात्र बऱ्याचदा दिल्लीच्या बादशहाचं. कुणी चांदीत भेसळ करायचा, कुणी वजन मारायचा. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात धारवाडकडच्या जमीनदारांनी चालवलेल्या खासगी टांकसाळी खोट्या नाण्यांमुळे सरकारला बंद कराव्या लागल्या आणि धारवाडला एकच नवी काढावी लागली.

या सगळ्या गोंधळात बट्टा यायचा. बट्टा म्हणजे कट. शेतकरी सारा भरायला रुपये घेऊन गेला, की हा रुपया झिजलेला, तो हलक्या टांकसाळीचा, असं म्हणून प्रत्येकावर कट धरायचे. शंभर रुपये नेले तरी सरकारी हिशोबात शंभर भरत नसत. मालाचे पैसे घेताना मात्र त्याच्या पदरात कुठला रुपया पडेल ते सराफ नाहीतर व्यापारी ठरवणार. एखाद्याच्या नावाला 'बट्टा लागला' असं आपण म्हणतो ना, त्यातला बट्टा हाच.

म्हणजे नाणं पारखणारा माणूस हवा, हे खरं. तो नसता तर खोटं नाणं गरिबाच्याच गळ्यात पडलं असतं. पण पारखणाराच पैशांची अदलाबदल करून पोट भरत असेल, तर त्याची जीभ कुठे वळेल, हेही तितकंच खरं. दोन्ही भीती जुन्या आहेत. त्या मोटरसायकलवाल्याबरोबर आलेल्या नाहीत.

आता आपल्या गळ्यातली गोष्ट. पुतळ्यांची माळ तुम्ही पाहिली असेल, काहींकडे असेलही. ही पुतळी म्हणजे मुळात परदेशी नाणं. इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर यायचं. त्यावर उभ्या माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. आपल्या बायकांना व्हेनिस कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी ते नाणं गळ्यात घातलं. का? तर १२८४ साली ते पहिल्यांदा पाडलं गेलं, तेव्हापासून १७९७ साली व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत, पाचशे वर्षं त्याचं सोनं जवळजवळ शुद्ध राहिलं आणि वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. इकडचा सोनार कितीदाही कसोटीवर लावो, रेघ तीच. अशा नाण्याला कागद लागत नाही. पुढे सोनारांनी तशाच चकत्या घडवून माळा ओवल्या, पण नाव पुतळीच राहिलं.

मग इंग्रजांनी १८३५ साली आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. जुनी नाणी लगेच गेली नाहीत, शिवराई तर खेड्यापाड्यांत पुढेही कित्येक वर्षं चालत राहिली. पण हळूहळू बट्ट्याची कटकट कमी झाली. राणीछाप रुपया आला, मग एडवर्डचा, मग पंचम जॉर्जचा. शंभर वर्षं वजन तेच, चांदी तीच. लोकांना सवय लागली, की रुपया म्हणजे तोळाभर चांदी. वाजवून बघायची गरज वाटेना.

आणि इथेच फसगत झाली. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदी कमी पडू लागली आणि १९४० साली सरकारनं रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली. आकार तोच, वजन तेच, वर राजाचं तोंड तेच. आत चांदी अर्धी. १९४७ सालचा रुपया तर निकेलचा निघाला, त्यात चांदीचा कणही नाही. आपल्या कितीतरी आज्यांच्या बटव्यात हे दोन्ही प्रकारचे चांदीचे रुपये एकत्र आहेत आणि त्या सगळ्यांना एकच समजतात.

आता त्या डबीतल्या आकड्याकडे येते. अमेरिकेत नाणी जमवायचा छंद मोठा आहे. तिथे १९४९ साली डॉ. विल्यम शेल्डन यांनी तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी प्रतवारी मांडली. १ म्हणजे कसंबसं ओळखू येणारं नाणं, ७० म्हणजे नावालाही दोष नसलेलं. पुढे ही प्रतवारी सगळ्याच नाण्यांना लावायला लागले. पण नंबर द्यायचा विकणारा व्यापारी. तो साठचं नाणं पासष्टचं म्हणून खपवायचा. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला, म्हणून तिसऱ्यानं तपासायचं असं ठरलं. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी अशा दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. फी घ्यायची, नाणं खरं आहे का ते पाहायचं, नंबर द्यायचा आणि डबीत बंद करायचं. यानं फायदा झाला. खोटी नाणी पकडली जाऊ लागली, लांबून नाणं घेणं सोपं झालं.

पण संग्राहकांच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. त्यांना दिसलं, की डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवलं तर कधी नंबर वेगळा येतो. काही व्यापारी तर नंबर वाढेपर्यंत तेच नाणं पाठवत राहायचे. ६४ आणि ६५ यांच्यात डोळ्याला फरक दिसत नाही, किमतीत मात्र मोठा पडतो. आणि नंबर माणूसच देतो, थोड्या वेळात, नजरेनं. नंतर तर खोट्या डब्याच बाजारात आल्या, वर खऱ्या नाण्याचा खरा नंबर छापलेल्या. म्हणून २००७ साली सीएसी नावाची आणखी एक कंपनी निघाली. आधीच नंबर मिळालेल्या डब्या पुन्हा पाहून, पटलं तर त्यावर हिरवा ठिपका चिकटवायचं तिचं काम. म्हणजे पारख्यावर पारखी! २०२३ पासून तीही स्वतः नंबर द्यायला लागली. म्हणून तिकडचे जुने जाणकार नव्या माणसाला सांगतात, की डबी विकत घेऊ नको, नाणं विकत घे.

एक गंमत सांगते. आपल्या सराफांनी तपासून ठोकलेली ती बारीक खूण आठवते ना? त्या काळी ती खूण म्हणजे नाणं खरं असल्याची साक्ष होती. आज संग्राहकांच्या बाजारात त्याच खुणेमुळे नाण्याची किंमत बहुधा कमी होते, कारण ते 'खराब' धरतात. एकाच खुणेचा भाव काळानुसार उलटा झाला. मग नंबर म्हणजे काही देववाणी नव्हे, हे उघड आहे.

मग छाप नकोच का? तर तसंही नाही. आपल्याकडचा हॉलमार्क बघा. २००० सालापासून सोन्याच्या दागिन्यांवर बीआयएसचा हॉलमार्क सुरू झाला. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. आता दागिन्यावर तीन खुणा असतात : बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की माहिती दिसते. महत्त्वाचं पुढे आहे. शंका असेल तर आपण स्वतः दागिना मान्यताप्राप्त केंद्रात नेऊन फी भरून तपासून घेऊ शकतो. शुद्धता कमी निघाली, तर जेवढी तूट निघेल तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीची फी मागता येते, असा नियम आहे. म्हणजे हा छाप आपल्याला उलटून विचारायची सोय देतो. भरवशाचा छाप कुठला आणि नुसता रुबाबाचा कुठला, हे मी आता यावरून ओळखते.

हे सगळं मी पुढच्या सभेत सांगितलं. बायका ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्या आजी मला म्हणाल्या, "बाय, नाण्याचं कळलं. पण तू आम्हाला नंबर देतेस, तो आम्ही कुठे वाजवून बघायचा?"

मी गप्पच झाले. कारण मीही पारखीच आहे. १९९२ साली नाबार्डनं ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून कर्जाआधी गट तपासायची रीत आहे. नियमित सभा, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब, ही आपली पंचसूत्री. तिच्यावर गुण पडतात आणि त्या गुणांवर कर्ज ठरतं. दोन वर्षांपूर्वी आजींच्याच गटाला मी कमी गुण दिले होते. रजिस्टरमध्ये दोन सभांची पानं कोरी होती. सभा झाल्या होत्या, पण भातकापणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर. रजिस्टर लिहिणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. मी विचारलंच नाही. कोरं पान पाहिलं आणि आकडा लिहिला. त्यांचं कर्ज लांबलं. त्या वर्षी एकीनं बियाण्यासाठी कानातलं गहाण टाकलं. आणि कमी गुण का पडले, हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी डबी पाहिली होती, नाणं पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी काम बदललं आहे. तपासणीचा तक्ता मी घरी नेऊन भरत नाही. गटासमोर बसून भरते, प्रत्येक गुण मोठ्यानं वाचते, कमी दिला तर कारण सांगते. शेजारच्या गटातली एक ताई सोबत बसते आणि तीही मोजते. पटलं नाही तर सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं. वेळ लागतो. पण पोतदारावर जो संशय होता, तो आपल्यात नको.

आणि आजींचे रुपये? नातीनं मोबाईलमध्ये मोठं करून प्रत्येकावरचं साल वाचलं. आठ रुपये १९४० च्या आधीचे, चार १९४४ आणि १९४५ चे. नंतरच्या चार रुपयांच्या कडेवर मधोमध खाच आहे, ती निम्म्या चांदीची ओळख. फार झिजले नसतील तर जुन्या आठांत मिळून साधारण ८५ ग्रॅम चांदी, नव्या चारांत २३ ग्रॅम. कुणी सगळेच निम्म्या चांदीचे धरले असते, तर आजींना ७० ग्रॅमचाच भाव मिळाला असता.

उठायच्या आधी चार गोष्टी लक्षात ठेवा. जुनी नाणी चिंच-मीठ लावून किंवा राखेनं घासू नका, घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात. नाणं तपासायला कुणाच्या हाती गावाबाहेर पाठवू नका, दोन वेगवेगळ्या दुकानांत स्वतः जाऊन, समोर वजन करून घ्या. आधी फी भरा, मग लाख मिळतील, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावानं कुणी फी, कमिशन किंवा कर मागत असेल तर तो फसवतो आहे. बँक असले व्यवहार करत नाही. आणि गटाची सहल मुंबईला गेली, तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय जरूर बघा.

तो मोटरसायकलवाला पुन्हा आला होता. आजींनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुझी डबी आमच्या सोनाराकडे नेऊया, तो काय म्हणतो बघू." त्याला काहीतरी काम आठवलं. बारा रुपये बटव्यातच आहेत, येत्या दिवाळीला चौरंगावर येतील.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. तोवर आपलं रजिस्टर लिहीत राहा, आणि आम्ही दिलेला आकडा विचारून, वाजवून घेत राहा. नमस्कार.